घर वाचत भयपट पाहावेत: गॉथिक चित्रपटांचा इतिहास क्रमाने पाहण्याची एक रीत

सांगलीच्या गावभागातील एका जुन्या वाड्याच्या माजघरात आम्ही दहा-अकरा जण पावसाळ्यातल्या शनिवारी रात्री जमतो आणि जुने भयपट पाहतो. वाड्याच्या मालकीणबाईंना आम्ही सगळेच काकू म्हणतो. पहिल्या वर्षी त्या चहा देऊन आत निघून जात, आता त्या पहिल्या रांगेत बसतात. ‘आम्हालाही हे चित्रपट पाहायचे आहेत, कुठून सुरुवात करावी?’ असे अनेक जण विचारतात. नुसती नावांची यादी दिली तर ती पहिल्या दोन आठवड्यांतच गळून पडते, असा माझा अनुभव आहे. म्हणून कोणता चित्रपट कोणत्या क्रमाने पाहावा, कशी प्रत निवडावी आणि पाहताना नेमके कुठे लक्ष ठेवावे, हे येथे सविस्तर मांडतो.

क्रमाचा आग्रह मी एका कारणासाठी धरतो. या चित्रपटांतले भूत दर दहा वर्षांनी बदलते, पण घर टिकून राहते. पडदा, उजेड, रंग आणि आवाज यांची साधने जशी बदलत गेली, तसे ते घर बांधण्याची पद्धतही बदलत गेली, आणि हा बदल सलग पाहिल्याशिवाय ध्यानात येत नाही.

गॉथिक हा शब्दच मुळात इमारतीचा आहे. मध्ययुगीन युरोपातील टोकदार कमानींच्या, उंच आणि अंधाऱ्या वास्तुशैलीला तो लावला जाई. होरेस वॉलपोल याने १७६४ मध्ये एका शापित किल्ल्याची कादंबरी प्रसिद्ध केली आणि दुसऱ्या आवृत्तीत तिला ‘गॉथिक कथा’ असे उपशीर्षक दिले, तेव्हापासून हा शब्द वाङ्मयप्रकाराला चिकटला. म्हणजे आधी वास्तू आली आणि तिच्यात राहायला भूत मागून आले. आपल्याकडे ‘वास्तू तथास्तु म्हणत असते, घरात वेडेवाकडे बोलू नये’ असे मोठी माणसे सांगत आली आहेत. गॉथिक कथेची बैठक याच समजुतीसारखी असते: घराने सगळे ऐकलेले असते, काहीही विसरलेले नसते, आणि मागच्या पिढीने केलेला अन्याय पुढच्या पिढीतील कोणीतरी उंबरा ओलांडून आत आल्यावर भिंतींतून बाहेर येतो. नुसता दचकवणारा भुताचा चित्रपट आणि गॉथिक भयपट यांत फरक करायचा असेल, तर एकच कसोटी पुरते. घर काढून टाकले तर गोष्ट उरते का? उरत असेल, तर तो या मालिकेत घेऊ नये.

खोली, पडदा आणि वही

या चित्रपटांचा अर्धा जीव अंधारात असतो, त्यामुळे काळा रंग काळाच दिसेल अशी व्यवस्था आधी करावी. माजघराला खिडक्या कमी असतात, म्हणून ते उत्तम. दिवाणखाना वापरायचा असल्यास तावदानांवर जाड कांबळी टांगावीत आणि इन्व्हर्टरचा लुकलुकणारा दिवासुद्धा झाकावा. प्रोजेक्टर फार प्रखर असण्याची गरज नाही. चुन्याने रंगवलेली सपाट भिंत असेल तर चादर लावू नये, कारण चादरीची सुरकुती चेहऱ्यावर येते. टीव्हीवर पाहणार असाल तर हालचाल गुळगुळीत करणारी सोय आणि भडक चित्राची सोय या दोन्ही बंद कराव्यात. सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे, जुन्या चित्रपटांची चौकट जवळजवळ चौरस असते; ती ताणून पूर्ण पडदा भरण्याचा मोह टाळावा. ती ताणली की खांब बुटके होतात, कमानी फताड्या होतात आणि कला दिग्दर्शकाने घराला दिलेली उंची नाहीशी होते.

प्रत्येकाने एक वही ठेवावी. चित्रपट सुरू होण्यापूर्वी तिच्यात चार प्रश्न लिहावेत. उजेड कुठून येतो आहे? कोणते दार उघडले जात नाही? किल्ल्या कोणाकडे आहेत? या घरात नव्याने कोण आले आहे? चित्रपट संपल्यावर, गप्पा सुरू होण्याआधी, त्या घराचा नकाशा आठवणीतून काढावा: दिंडी दरवाजा कुठे, जिना कोणत्या बाजूला, वरच्या मजल्यावर किती खोल्या. नकाशा सुबक येण्याची गरज नाही. तो कुठे अडतो ते पाहावे, कारण जिथे आपला नकाशा अडतो, तिथेच दिग्दर्शकाने बहुधा काहीतरी लपवलेले असते.

प्रतींविषयी एक व्यावहारिक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. भारतीय कायद्यानुसार चित्रपटावरील स्वामित्वहक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो, त्यामुळे येथे सांगितलेल्या जुन्या चित्रपटांपैकी बरेचसे आता मुक्त आहेत आणि सहज मिळतात. परंतु सहज मिळणारी प्रत बहुधा वाईट असते. कोठल्या संग्रहालयाने किंवा संस्थेने जीर्णोद्धार केला आहे, याची नोंद ज्या प्रतीच्या आरंभी असते, ती शोधून काढण्यासाठी अर्धा तास खर्च करावा. तो वाया जात नाही.

मूकपटांपासून आरंभ

पहिली संध्याकाळ जॉर्ज मेलिएस याच्या १८९६ मधील तीन मिनिटांच्या मूकपटाने उघडावी. त्याचे नाव ‘सैतानाचा वाडा’ असे सांगता येईल. रंगवलेल्या किल्ल्याच्या दालनात एक वटवाघूळ उडत येते, त्याचा सैतान होतो आणि शेवटी क्रूस पाहून तो पळतो. कथा एवढीच आहे आणि मूळ हेतू प्रेक्षकांना गंमत वाटावी हाच होता. तरीही चित्रपटांचे जाहीर खेळ सुरू होऊन जेमतेम वर्ष होत होते, तेव्हाच झपाटलेले दालन पडद्यावर आलेले होते, हे पाहण्यासारखे आहे.

त्यानंतर १९२० मधील रॉबर्ट विने याचा ‘डॉ. कॅलिगारी’ घ्यावा. पहिले महायुद्ध हरलेल्या जर्मनीत तयार झालेल्या या चित्रपटात घरे तिरकी आहेत, खिडक्या वेड्यावाकड्या आहेत आणि कित्येक ठिकाणी सावल्या व उजेडाचे कवडसे थेट रंगाने नेपथ्यावर काढलेले आहेत. सांगलीकरांना ही कल्पना परकी वाटू नये. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये याच गावात चिंतामणराव पटवर्धनांसमोर ‘सीतास्वयंवर’ सादर केले. त्या परंपरेतील नाटकांत राक्षस रंगभूमीवर येताना ‘अलल डुर्र’ अशी आरोळी ठोके, आणि राळेचा भडका उडे. भडका आणि आरोळी ही भयाची एक रीत झाली. जर्मन चित्रकारांनी बरोबर उलटी रीत काढली: कोणी आरोळी मारत नाही, पण भिंतच चळलेली आहे. या दोन रीतींची तुलना वहीत आवर्जून करावी, कारण पुढील शंभर वर्षे भयपट याच दोन टोकांमध्ये ये-जा करत राहिला आहे.

दुसरी संध्याकाळ संपूर्णपणे मुर्नाऊ याच्या १९२२ मधील ‘नोस्फेरातू’साठी राखावी. ब्रॅम स्टोकरच्या १८९७ मधील ‘ड्रॅक्युला’ या कादंबरीवर तो आधारलेला आहे, पण निर्मात्यांनी परवानगी घेतली नव्हती. पात्रांची नावे मात्र बदलली होती. स्टोकरच्या विधवा पत्नीने दावा लावला, आणि १९२५ मध्ये सर्व प्रती नष्ट करण्याचा आदेश न्यायालयाने दिला. परदेशी गेलेल्या काही प्रती वाचल्या म्हणून आज आपण तो पाहू शकतो. येथे प्रतीची निवड निर्णायक ठरते. रात्रीचे प्रसंग दिवसाउजेडी चित्रित करून त्यांवर निळी छटा चढवण्याची तेव्हा रीत होती. छटा नसलेली करडी प्रत पाहिली, तर रक्तपिपासू सरदार भर उन्हात शवपेटी काखेत मारून गावातून चालला आहे असे दिसते, आणि सगळी मंडळी हसतात. आमच्याकडे पहिल्या वर्षी नेमके हेच झाले. पुढच्या वर्षी निळ्या, पिवळ्या आणि गुलाबी छटांची प्रत मिळाली, तेव्हा तोच प्रसंग पाहताना माजघरात शांतता पसरली.

आणखी एक गोष्ट येथे टिपून ठेवावी. स्टोकरच्या कादंबरीतील सरदार दिवसा लंडनच्या रस्त्यांवर फिरू शकतो. सूर्यकिरणांनी त्याचा नाश होतो, ही कल्पना या मूकपटाने रुजवली. ज्या कलेचा देहच उजेडाचा आहे, तिने उजेडालाच शस्त्र करावे, यात मला विलक्षण सुसंगती दिसते. शेवटच्या भागात जिन्याच्या भिंतीवरून चढत जाणारी सावली दिसेल. तिथे चित्रपट थांबवून पाहावे की माणूस चौकटीत आहे का. तो नसतो. जिना, कठडा आणि सावली एवढ्यांवर तो प्रसंग उभा आहे.

उजेड दोन दिशांना गेला

या टप्प्यावर इतिहासाची वाट फुटते, आणि तिच्या दोन्ही फांद्या एकापाठोपाठ एक पाहण्याची माझी शिफारस आहे. बर्लिनमध्ये घडलेला कार्ल फ्रॉइंड हा छायाचित्रणकार १९२९ मध्ये अमेरिकेला गेला आणि १९३१ चा युनिव्हर्सल कंपनीचा ‘ड्रॅक्युला’ त्याच्या कॅमेऱ्याने टिपला गेला. योझेफ वीर्शिंग हा म्युनिकचा छायाचित्रणकार मुंबईला आला आणि हिमांशू राय व देविका राणी यांच्या १९३४ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे टॉकीजसाठी मालाडला काम करू लागला. एकाच देशातील स्टुडिओंमध्ये शिकलेला उजेड एकाने हॉलिवूडला नेला, दुसऱ्याने मालाडला आणला.

‘ड्रॅक्युला’ पाहताना दोन सूचना. पहिली अशी की, आरंभीच्या नामावलीनंतर त्यात पार्श्वसंगीत जवळजवळ नाही. बोलपट नुकताच आला होता आणि संगीत कुठून येते याचे कारण पडद्यावर दिसले पाहिजे, असे तेव्हा मानले जाई. नंतर संगीत जोडलेली प्रतही मिळते, ती टाळावी. ड्रॅक्युला झालेला बेला लुगोसी जिन्यावर मेणबत्ती धरून उभा आहे आणि सर्वत्र निःशब्दता आहे, हाच त्या किल्ल्याचा आवाज आहे. दुसरी सूचना तुलनेची आहे. त्याच नेपथ्यावर, दिवसा इंग्रजी चमू घरी गेल्यानंतर रात्री, दुसऱ्या नटसंचाकडून स्पॅनिश ‘ड्रॅक्युला’ चित्रित होत असे. दोन्हींतील किल्ल्याच्या जिन्याचा प्रसंग लागोपाठ लावावा. भिंती त्याच आहेत, पण स्पॅनिश आवृत्तीतील कॅमेरा अधिक मोकळेपणाने फिरतो, आणि घर एकदम मोठे वाटू लागते. कॅमेरा घर कसे बांधतो, हे समजावण्यासाठी याहून चांगला पाठ मला माहीत नाही.

त्याच वर्षीचा जेम्स व्हेल याचा ‘फ्रँकेन्स्टाइन’ही पाहावाच. जॅक पिअर्सने केलेल्या रंगभूषेतील, राक्षस झालेला बोरिस कार्लॉफ सर्वांना ठाऊक असतो. मात्र आरंभीच्या श्रेयनामावलीत त्याच्या नावाच्या जागी केवळ प्रश्नचिन्ह आहे, ते चुकवू नये. पुढे युनिव्हर्सलने काढलेली भाग-दोन, भाग-तीनची रांग सोडून दिली तरी चालेल, पण १९३५ मधील ‘फ्रँकेन्स्टाइनची वधू’ हा अपवाद करावा.

१९४० मधील हिचकॉकचा ‘रिबेका’ हा आमच्या मंडळीत सर्वाधिक चर्चा झालेला चित्रपट आहे. त्यात भूत नाही. पहिली पत्नी वारली आहे, ती एकदाही दिसत नाही, तरी चित्रपटाला नाव तिचे आहे. दुसरी पत्नी जवळजवळ प्रत्येक प्रसंगात आहे आणि तिला नावच दिलेले नाही. बाहेरून दिसणारा तो विशाल मँडर्ली वाडा ही एक लहान प्रतिकृती आहे. मी ही माहिती सांगत होतो, तेवढ्यात काकू म्हणाल्या, “नाव नाही यात नवल ते काय? लग्नात तांदळाच्या ताटात माझं नाव बदललं. सहा महिने मला कुणी हाक मारली की मी मागे वळून बघायची, दुसऱ्या कुणाला बोलावतायत म्हणून. आणि किल्ल्यांचा जुडगा सासूबाईंच्या कमरेला.” त्या दिवसापासून ‘किल्ल्या कोणाकडे आहेत?’ हा प्रश्न आमच्या वहीत आला. तो मी वर तिसऱ्या क्रमांकावर लिहिला आहे, पण गॉथिक चित्रपटांतील नववधूची कोंडी समजून घेण्यासाठी तोच पहिला मानावा. घराची मालकी कागदावर कोणाचीही असो, कोठीची, कपाटाची आणि बंद खोलीची किल्ली जिच्या हाती, तिची सत्ता. ‘रिबेका’मधील कारभारीण डॅन्व्हर्स चालत येताना फारशी दिसत नाही, अचानक शेजारी उभी असते; ती घराचाच एक खांब असावी तशी.

त्याच काळात हॉलिवूडच्या आरकेओ कंपनीत व्हॅल ल्यूटन हा निर्माता अतिशय थोड्या पैशांत भयपट काढत होता. त्याचा १९४२ मधील ‘कॅट पीपल’ पाहावा. नव्या नेपथ्याला पैसे नव्हते, म्हणून दुसऱ्या भव्य चित्रपटासाठी उभारलेला जिना वापरला गेला. पोहण्याच्या तलावाच्या प्रसंगात छतावर हलणारी पाण्याची तिरीप आणि एक गुरगुर यांखेरीज काहीही दाखवलेले नाही. ज्यांना स्वतः लघुपट करायचे आहेत, त्यांनी हा प्रसंग किमान तीनदा पाहावा.

‘महल’ची रात्र

१९४९ मधील कमाल अमरोही यांचा ‘महल’ हा या मालिकेचा मध्यबिंदू आहे, आणि त्याला वेगळी संध्याकाळ द्यावी. दुसऱ्या महायुद्धात जर्मन नागरिक म्हणून ब्रिटिश सरकारने वीर्शिंगला स्थानबद्ध केले होते; सुटकेनंतर त्याने हा चित्रपट टिपला. नदीकाठचा ओसाड महाल, वादळी रात्र, नवा मालक आत येतो, भिंतीवरची तसबीर खाली येते आणि तिच्यात त्याचाच चेहरा आहे. झुंबराची सावली, पडद्यांची सळसळ, गवाक्षातून झुल्यावर क्षणभर दिसणारी स्त्री: मुर्नाऊच्या जिन्यावरची सावली येथे यमुनाकाठी आली आहे, पण तिला आता आवाज आहे.

तो आवाज एकोणीस-वीस वर्षांच्या लता मंगेशकरांचा. त्यांचे बालपण सांगलीत गेले, दीनानाथरावांचे बिऱ्हाड येथे होते आणि आशाताईंचा तर जन्मच सांगलीचा. खेमचंद प्रकाश यांच्या संगीतातील ‘आएगा आनेवाला’ या गाण्याच्या आरंभीच्या ओळी गाताना, आवाज दुरून जवळ येत असल्याचा भास व्हावा म्हणून त्या मायक्रोफोनपासून लांब उभ्या राहिल्या आणि गात गात जवळ आल्या, ही आठवण त्यांनी स्वतः सांगितली आहे. हे गाणे लागताना स्पीकर पडद्याच्या मागे, शक्य तर शेजारच्या खोलीच्या दाराशी ठेवावेत. एका तरुण गायिकेने पावलांनी मोजलेले ते अंतर आपल्या माजघरात पुन्हा मोजले जाते. युरोप-अमेरिकेच्या गॉथिक चित्रपटांत घर सावलीने बोलते, आपल्याकडे ते गाण्याने बोलते. हा फरक मला मूलभूत वाटतो, आणि ‘महल’नंतरचे प्रत्येक पांढऱ्या साडीतले गाणे याच दारातून आले आहे.

‘महल’चे संकलन बिमल रॉय यांनी केले होते, ही दुव्याची कडी लक्षात ठेवून पुढच्या आठवड्यात त्यांनी दिग्दर्शित केलेला १९५८ मधील ‘मधुमती’ लावावा. पावसात गाडी अडते, प्रवासी जुन्या हवेलीत शिरतो आणि त्याला ती जागा ओळखीची वाटते. कथा ऋत्विक घटक यांची आहे. मग बीरेन नाग यांचे ‘बीस साल बाद’ (१९६२) आणि ‘कोहरा’ (१९६४) घ्यावेत. नाग हे मूळचे कला दिग्दर्शक. त्यामुळे त्यांच्या चित्रपटांत दालनांची, जिन्यांची आणि खिडक्यांची मांडणी बोलकी असते. ‘कोहरा’ तर ‘रिबेका’वरच आधारलेला आहे, दोन्ही घरांचे नकाशे शेजारी शेजारी काढून पाहावेत. बंगालीत तपन सिन्हा यांचा ‘क्षुधित पाषाण’ (१९६०) आणि मल्याळममध्ये ए. व्हिन्सेंट यांचा ‘भार्गवी निलयम’ (१९६४) हेही याच वर्षांतले; उपशीर्षकांसह मिळाल्यास अवश्य पाहावेत.

मराठी प्रेक्षकाने १९६४ मधील राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ या संदर्भात पुन्हा पाहायला हवा. एक स्त्री मेलेली आहे आणि तिच्याच चेहऱ्याची दुसरी समोर उभी आहे, हा दुहेरी प्रतिमेचा धागा गॉथिक कथेचा अस्सल धागा आहे. राज खोसला यांनी १९६६ मध्ये त्यावरूनच ‘मेरा साया’ काढला. आपल्याकडच्या या बहुतेक चित्रपटांत भुताच्या मागे अखेर माणूस निघतो. पुष्कळांना ती फसवणूक वाटते. मला तसे वाटत नाही. १७९४ मध्ये अ‍ॅन रॅडक्लिफने कादंबरीत हीच पद्धत वापरली होती: भय खरे असते आणि त्याचे कारण मालमत्ता, वारसा किंवा सूड असते. वाटणीवरून कोर्टात पंचवीस वर्षे पडून राहिलेले वाडे ज्या गावात आहेत, त्या गावाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

रंग आला, आणि घर सडू लागले

इंग्लंडच्या हॅमर कंपनीने १९५७ मध्ये ‘फ्रँकेन्स्टाइनचा शाप’ आणि १९५८ मध्ये ‘ड्रॅक्युला’ रंगीत काढले. दिग्दर्शक टेरेन्स फिशर, नट पीटर कुशिंग आणि क्रिस्टोफर ली. थेम्स नदीकाठचे एक जुने घर हाच त्यांचा स्टुडिओ होता, आणि तेच दालन पडदे, खांब व रंग बदलून पुन:पुन्हा वापरले जाई. हॅमरचे दोन चित्रपट पुरेत. १९५८ च्या ‘ड्रॅक्युला’त सरदार सुरुवातीला आतिथ्यशील यजमानासारखा बोलतो आणि त्यानंतर उरलेल्या चित्रपटात अवाक्षरही काढत नाही, एवढे पाहावे.

इटलीतील मारिओ बाव्हा हा स्वतः छायाचित्रणकार होता. त्याच्या १९६० मधील कृष्णधवल ‘सैतानाचा मुखवटा’ या चित्रपटातील धुके आणि भग्न प्रार्थनागृह अप्रतिम आहे, मात्र आरंभीचा प्रसंग इतका क्रूर आहे की ब्रिटनमध्ये १९६८ पर्यंत चित्रपटाला परवानगी नव्हती. लहान मुले घरात जागी असताना तो लावू नये.

त्याच वर्षी अमेरिकेत रॉजर कॉर्मन याने एडगर ॲलन पो याच्या कथेवरून ‘हाउस ऑफ अशर’ १५ दिवसांत चित्रित केला. निर्मात्यांची तक्रार अशी होती की, भयपट म्हणता आणि यात राक्षस कुठे आहे? घर हाच राक्षस आहे, असे कॉर्मनचे उत्तर होते. या लेखातील माझे सगळे म्हणणे त्याने एका वाक्यात आधीच सांगून ठेवले आहे. भिंतीला एक भेग आहे, ती वाढत जाते आणि अखेर घर तळ्यात बुडते. आमच्या गावभागात २००५ आणि २०१९ च्या महापुरांच्या खुणा भिंतींवर अजून आहेत. कृष्णेचे पाणी ओसरल्यावर दोन महिन्यांनी पोपडे सुटतात, चुना फुगतो आणि रात्री लाकूड कुरकुरते. हा चित्रपट संपल्यावर आमच्यातील कोणीही लगेच उठले नाही.

यानंतरचे दोन चित्रपट मात्र कृष्णधवल आहेत, आणि माझ्या मते या प्रकारातले सर्वोत्तम आहेत. जॅक क्लेटन याचा ‘दि इनोसंट्स’ (१९६१) सुरू होताना पडदा काळाच राहतो आणि फक्त एका मुलीचे गाणे ऐकू येते. यंत्र बिघडले असे समजून कोणी उठून जाऊ नये. चित्रचौकट रुंद आहे, पण छायाचित्रणकार फ्रेडी फ्रान्सिस याने कडा रंगवलेले फिल्टर वापरून तिच्या दोन्ही बाजू काळवंडून टाकल्या, त्यामुळे मेणबत्ती घेऊन फिरणारी बाई अंधाराच्या बोगद्यातून चालल्यासारखी वाटते. आणि तरीही सर्वांत भीतिदायक आकृती भर दिवसा, तळ्यापलीकडच्या लव्हाळ्यात स्तब्ध उभी आहे. रॉबर्ट वाइज याचा ‘दि हॉन्टिंग’ (१९६३) ल्यूटनच्या शाळेतला आहे. वाइजने दिग्दर्शनाची सुरुवात त्याच्याच हाताखाली केली होती. त्यात भूत दिसतच नाही. भिंतीवर थापा पडतात, दाराची मूठ हलते आणि जाड लाकडी दार आतल्या बाजूला फुगते. या रात्री आवाज नेहमीपेक्षा थोडा वाढवावा, पण शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवावे.

आपल्याकडे परत यायचे ते रामसे बंधूंकडे. त्यांचा १९७२ मधील ‘दो गज जमीन के नीचे’ शेजारच्या सातारा जिल्ह्यात, महाबळेश्वरला चित्रित झाला. सगळे कुटुंबच चमू होते आणि मोजक्या पैशांत काम उरकले. पुढे १९८४ चा ‘पुराना मंदिर’ तुफान चालला. या चित्रपटांना समीक्षकांनी हिणवले. त्यांतले विनोदी उपकथानक मलाही सोसत नाही. पण लाल-निळ्या दिव्यांनी उजळलेली त्यांची तळघरे पाहावीत. हॅमर आणि बाव्हा यांचा रंग थोडक्या साधनांत सह्याद्रीच्या धुक्यात कसा उतरला, ते तिथे दिसते.

नंतरच्या काळातले मी मोजकेच निवडतो. १९९२ मधील कोपोला याचा ‘ड्रॅक्युला’ घ्यावा, कारण त्यातील चमत्कार संगणकाऐवजी आरसे, दुहेरी छायांकन, उलटी फिरवलेली फिल्म अशा मेलिएसच्या काळच्या युक्त्यांनी केलेले आहेत. २००१ मधील ‘दि अदर्स’ हा किल्ल्यांच्या जुडग्यावर उभा असलेला चित्रपट आहे: एक दार बंद केल्याशिवाय दुसरे उघडायचे नाही, असा त्या घराचा नियम आहे. आणि अखेरीस राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ (२०१८). नारायण धारप यांच्या कथेची प्रेरणा, सासवडचा खरा वाडा, अनेक पावसाळे चाललेले चित्रीकरण आणि १९१८ ते १९४७ असा काळ. उतरंडी, बळद, भिंतीतून उगवलेली मुळे, साखळदंडाने बांधलेली आजी: येथे पहिल्यांदा असे घर दिसते, ज्याच्या प्रत्येक भागाला आपल्याकडे मराठी शब्द आहे. त्या रात्रीच्या वहीत ते शब्दच लिहावेत. ओसरी, सोपा, देवळी, कडीपाट, अडसर, परसू. तरुण मुलांना त्यांतले निम्मे माहीत नसतात, म्हणून घरातल्या वयस्क माणसाला शेजारी बसवावे.

मालिका संपल्यावर पुढच्या शनिवारी कोणताही चित्रपट लावू नये. ज्या घरात बसून हे सर्व पाहिले, त्याच घराचा नकाशा प्रत्येकाने दिवे लावण्याआधी आठवणीतून काढावा. गेल्या वर्षी आम्ही तो काढला. अकरा नकाशे झाले. चौक, माजघर, न्हाणीघर, वरचा दिवाणखाना सगळ्यांनी बरोबर दाखवला होता. जिन्याखालची खोली मात्र दहा नकाशांत नव्हती, जरी चार महिने आम्ही तिच्या दारावरच छत्र्या टांगत होतो. काकूंच्या नकाशात ती होती. कमरेची किल्ली काढून त्यांनी ते दार उघडले. आत २०१९ च्या पुरात भिजलेल्या चोपड्या दोरीवर वाळत घातलेल्या होत्या, आणि त्यांच्या वर, भिंतीवर, काकूंच्या सासूबाईंची तसबीर होती.